सुंभ

मागच्या हौद्यात एकशेचाळीस पेट्या.
प्रत्येकीत गवताची गादी,
फळाला फळ लागू नये म्हणून मध्ये कागद,
आणि सगळ्यावरून सुंभाचे सात वेढे.
गाठ अशी, की कशेडीत टेम्पो उलटला असता
तरी चौक्याचा हापूस जागचा हलला नसता.

पुढे आतू घाडी.
मोकळा.

मी हात आडवा केला. कसालचा तिठा, पावणेसात,
टोपीखाली आत्ताच घाम,
मुठीत ते मशीन, रेंज आली तर पावती देणारं.
पट्टा होता. सीटच्या मागे मुडपून ठेवलेला.
त्याच्या कडीत नुसतंच एक बक्कल खोचलेलं,
गाडीनं ओरडू नये म्हणून.
कुडाळच्या बाजारात तीस रुपयांना मिळतं.
गप्प बसवण्याचा एवढा स्वस्त भाव
मी दुसऱ्या कशाचा पाहिला नाही.

"मॅडम, जीव माझो.
दारू पिऊक नाय, कोणाक ठोकूक नाय.
आपटलंय तर माझी कवटी फुटात,
सरकाराच्या पोटात कित्याक दुखता?
आणि ह्यो खड्डो बघा,
मागल्या चवथीपासून हयसरच आसा.
तेची पावती कोण फाडता?"

खड्ड्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
आमच्या जीपचाही एक पट्टा तुटलाय, साहेबांच्या बाजूचा;
अर्ज ओरोसला कुठल्याशा टेबलावर झोपलाय.
पाचव्यांदा दाबल्यावर मशीननं कागद सोडला.
हजार रुपये.
तो म्हणाला, अर्धी पेटी गेली.
मी म्हणाले, हो.

जे बोलले नाही, ते हे:
मागच्या शिमग्यात, पुढच्याच वळणावर,
एक जण काचेतून बाहेर गेला.
चपला मात्र क्लचपाशी राहिल्या, जोडीनं, सरळ,
देवळाबाहेर काढाव्यात तशा.
पंचनाम्यात मीच लिहिल्या. निळ्या, अंगठा झिजलेल्या.
त्याला घेऊन रुग्णवाहिका बांबोळीला गेली,
जाऊन-येऊन साडेतीन तास,
आणि तेवढ्यात कट्ट्याहून फुरसं चावलेला पोरगा
रिक्षातून आला, मामाच्या मांडीवर, पाय काळानिळा.
वाचला तो. उगाच रडवायला सांगत नाही.
पण त्या साडेतीन तासांत
जीव कुणाचा कुणाला बांधलाय
ते सुंभासारखं दिसत होतं, धागा न् धागा.

काचेतून गेलेलाही वाचला.
बहीण भरवते. शिलाईचं मशीन विकलंय तिनं.
तिला कुणी विचारलं नव्हतं, तुझी मर्जी काय.

तरी रात्री बूट काढताना
हाच हिशेब उलटा फिरतो.
माझा बाप पस्तीस वर्षं माडावर चढला,
कमरेला काही न बांधता, दातात कोयती धरून.
तेव्हा खालून कुणी शिट्टी मारली असती
तर त्यानं वरून नारळच सोडला असता,
आणि मी, सात वर्षांची, टाळ्या पिटल्या असत्या.
पडला नाही तो कधी.
ह्याला त्याचा हक्क म्हणायचं की आमचं नशीब,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आतू निघायच्या आधी खाली उतरला.
मागे जाऊन सुंभ अंगठ्यानं दाबून पाहिला.
एक वेढा सैल होता.
गुडघा टेकून, ओठ दुमडून, आवळला.
मग आत बसला आणि माझ्याकडे बघत
पट्टा ओढला. टक्.
ओसरगावच्या चढापर्यंत राहिला असेल.
किंवा पेट्रोलपंपापर्यंत.

ते खोटं बक्कल मी काढून घेतलं होतं.
संध्याकाळी दाराशी चावी शोधताना
खिशातून तेच आधी हाताला लागलं,
कोमट, दिवसभराच्या उन्हाचं.