चौकट

बाबांचा एकही फोटो घरात नाही.
लग्नातला होता, त्याला वाळवी लागली.
ती बाबांना खात खात
आईच्या खांद्यापाशी येऊन थांबली.

तेराव्याच्या दिवशी मामा हळूच म्हणाला,
"एक हाये. ठान्यात."

आज पकडलेल्यांची नावं
पाचपावलीला पडद्यावर सरकत असतात.
कालची मोबाईलवर सापडतात,
तोंडं झाकलेली, बाजूला छाती काढलेले शिपाई.
त्र्याऐंशी सालच्या माणसाला मात्र
अर्ज करून बोलवावं लागतं,
दहा रुपयांचं तिकीट चिकटवून.

"तुमचे कोण?" रहांगडाले बाबूंनी विचारलं.
वडील.
"म्हणजे फिर्यादी का आरोपी?"
असं कधी निवडलं नव्हतं मी.
कारण लिहायची गरज नसते, हे वाचून गेले होते,
तरी लिहिलं: भिंतीला लावायला.

पहिल्या खेपेला किल्ली नव्हती.
दुसऱ्या खेपेला किल्ली होती, बाबू नव्हते.
तिसऱ्या खेपेला कूलरच्या खसाचा वास,
आणि लाल कापडातलं एक बाड
त्यांनी लेकराला आंघोळ घालून ठेवावं
तसं टेबलावर ठेवलं.

दि. १९ मे, रात्री पाऊण वाजता,
मागाच्या खोलीत सात इसम
पैशाची बाजी लावून मिळून आले.
बावन्न पत्ते. एक चटई.
रोख एकवीस रुपये चाळीस पैसे.

आई जन्मभर सांगत आली,
सुताच्या भावासाठी मोर्चा होता.

तिसरा क्रमांक बाबा.
छातीशी पाटी, पाटीवर खडूनं तीन,
केस ओले करून बसवलेले.
माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान होते ते,
आणि मिशी नीट फुटलेली नव्हती.
मी बोटानं पाटी झाकून पाहिली.
चेहरा तसाच राहिला,
कॅमेऱ्याकडे नाही,
कॅमेऱ्याच्या मागच्या कोणाकडे तरी बघणारा.

पान उलटायची परवानगी नव्हती.
रहांगडाले चहा प्यायला गेले,
जाताना म्हणाले, "पंधरा मिनिटं लागतील मला."

पहिला, श्रावण हेडाऊ. चौकटीचा सदरा.
दुसरा, गोविंदा धकाते. चौकटीचा सदरा.
बाबा.
चौथा, पाचवा, सहावा,
तिसरं बटण सगळ्यांचंच तुटलेलं.
कोणाच्या खांद्यावरून उतरतोय,
कोणाच्या पोटावर ताणलाय,
बाबांच्या तर बाह्या नखांपर्यंत.

तेव्हा कळलं.
मे महिन्याची रात्र, माग थांबलेले,
नागपुरात अशा रात्री कोण सदरा घालून बसतो?
उघडेच उचलले असणार सगळे,
आणि फोटोवाल्याला उघडा माणूस चालत नसणार.

सातवा, वासुदेव पौनीकर.
वय चाळीस, धंदा कांडी भरणे.
त्याच्या अंगात मात्र तो बरोबर बसला होता,
खांद्यावर खांदा, मनगटावर बाही.
सगळ्यांचं झाल्यावर
शेवटी स्वतःचा स्वतः घातलेला.
एवढाच एक जण
थोडा हसल्यासारखा दिसतो.

झेरॉक्स काळी आली.
आईनं चष्मा पुसून पाहिली,
पाटीबद्दल काही बोलली नाही.
पत्त्यांबद्दलही नाही, मीही विचारलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"हा सदरा आपला नोहे."

हो आई.

"मग कोनाचा?"

मी सांगितलं. तिनं नाव दोनदा म्हणून पाहिलं,
भाजीवाल्याकडे उधारी राहिली असावी तसं.
मग म्हणाली, "त्याच्या घरी कोनी हाये का पाय."

दुसरा अर्ज टाकलाय सोमवारी.
कारणाच्या रकान्यात
या वेळी काहीच लिहिलं नाही.