पांढरा ठिपका

उंदराच्या पिलाची कातडी
पहिले चार दिवस इतकी पातळ असते
की पोटातलं दूध बाहेरून दिसतं.
डाव्या कुशीला, तांदळाएवढा पांढरा ठिपका.
सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच :
सकाळी नऊला ठिपके बघायचे,
पिलं काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा.

पिंजरा सतरामधली माय
तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा
आईच्या पाण्यात थेंबभर काहीतरी होतं.
हिला स्वतःला कधीच काही दिलं नाही.
धडधाकट. वेळेवर व्याली.
पिलांवर पांघरुणासारखी पसरून बसते.
पिलं लुचतात, लुचतात.
ठिपका नाही.

गेल्या मे महिन्यात मीही अशीच बसले होते
वाळ्याच्या कूलरसमोर, पदर कोरडा.
शतावरी झाली, अळिवाचे लाडू झाले,
वरच्या मजल्यावरच्या गेडामबाईंनी दृष्ट काढली.
रेवा लुचता लुचता थांबून माझ्याकडे बघायची.
पाचव्या आठवड्यात डबा आणला, पावडरचा.

आई म्हणाली, "काहून गं नाही येत?
माह्या दुधावर तं शेजारचं लेकरूही पोसलं."
खरंय. मीही पोटभर प्यायले ते.
पण त्याच्या आधी, सातव्या महिन्यापर्यंत
ती हिंगण्याच्या पाइप कारखान्यात जायची.
पाइप गरम असतानाच कापायचा.
वासाची सवय झाली होती, म्हणते,
घरी आल्यावर वरणालाही तोच यायचा.
मी तेव्हा तिच्या आत बोटभर,
आणि माझ्या नसलेल्या छातीत
दुधाच्या वाटा आखल्या जात होत्या.

मॅडम म्हणतात, उंदरावरून बाईचं सांगता येत नाही.
बरोबर आहे.
माझा गट एकीचाच,
आणि ताडून बघायला दुसरी मी नाही,
त्या कारखान्यात न गेलेल्या आईची.

म्हणून आईला काही बोलले नाही.
ती रेवाला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजते,
हनुवटीवरचा ओघळ पदरानं टिपते.
वाटी स्टीलची. प्लास्टिकची नको, हा हट्ट माझा.
का, ते तिनं विचारलं नाही.
एकदा फक्त वाटी नाकाशी नेऊन
हुंगून बघितली.

आज सतरामध्ये एका पिलाला ठिपका दिसला.
मोहरीएवढा.
वहीत 'आहे' लिहिलं,
आणि वजन पुन्हा एकदा केलं.