डोक्यावरची रेघ

तू पाचवीत, मी सातवीत, तेव्हा आपली मराठी शाळा बंद झाली.
पट भरत नाही म्हणे.
बाकं टेम्पोत चढली, आपण चालत गेलो,
दोन गल्ल्या पलीकडे, गुजराती शाळेत.

तिथल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघच नव्हती.
तुला ते उघडंबोडकं वाटायचं.
थंडी वाजत असेल गं त्यांना, म्हणालास,
आणि आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं टांगलीस,
आई दोरीवर कपडे टांगते तशी.
त्रिवेदीबेननी लाल शाईने एकेक रेघ खोडली.
एका पानावर एकतीस.
मी मोजल्या होत्या.

दिवाळीचा फराळ संपला की बाबा तुला
गेंडीगेटला सोडून यायचे, शब्बीरचाचांच्या मांज्यावर.
उत्तरायणापर्यंतच, म्हणायचे, अडीच महिन्यांचा तर प्रश्न.
भाताची खळ, काचेचा भुगा, गुलाबी रंग.
मुठीत लगदा धरून तू एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत
जायचास, यायचास,
जायचास.
इकडे वर्गात अपूर्णांक येऊन गेले,
नद्या येऊन गेल्या,
तुझ्या नावापुढे रिकाम्या चौकटी.

मलाही यायचं होतं. पैसे मलाही हवे होते.
पोरीची जात, रस्त्यावर उभी राहणार?
घरात बस, पुस्तक उघड, आई म्हणाली.
मी बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून उघडलं.
आणि तुझ्याकडे वळून म्हणाली,
पोरगा आहे, कुठेही मिळवून खाईल.
एकाच चुलीपुढे. फुंकणी खालीसुद्धा न ठेवता.

माझ्या दाराला कडी होती म्हणून मी शिकले, जिगू.
तुझं दार सताड उघडं होतं.

एकदा डबा घेऊन आले होते. ऊन कललेलं.
रस्त्याच्या कडेने लांबच लांब गुलाबी रेघ
आणि तिच्याखाली एकही अक्षर नाही.
तेवढा तूच,
हातभर उंचीचा एक काना,
कुठल्या अक्षराला लागायचं ते न कळलेला.

जानेवारीत चाचणी. पतंग अजून तारांवर अडकलेले.
तुझ्या बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या,
त्यांतून पेन निसटायचं.
पेपरवर गुलाबी ठसे पाहून बेन म्हणाल्या,
होळी आत्ताच खेळून आलास का रे?
वर्ग हसला.
तूही हसलास, सगळ्यांत मोठ्याने.
मी बाहेर नळावर होते. पाणी न पिताच परत फिरले.

खोडसाळ, बेफिकीर, अभ्यासात लक्ष नाही:
तुझ्या प्रगतिपुस्तकावरचं हे वाक्य
बाबांना मीच मराठीत वाचून दाखवलं.
लक्ष नाही, एवढं वगळून.
त्या एका शब्दाचा त्यांनी तुला मार दिला असता
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेंडीगेटला नेलं असतं.

आठवीला दोनदा बसलास.
तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही.

आता माझ्या टेबलासमोर उभा आहेस,
शाळेच्या ऑफिसात, चपला दाराबाहेर काढून.
त्या काढायची गरज नाही रे इथे.
हेत जिग्नेश खोपडे, पहिली. जन्माचा दाखला आहे,
रेशनकार्डाची झेरॉक्स आहे.
वडिलांचं शिक्षण, मी विचारते,
जसं सगळ्यांना विचारते, मान वर न करता.
लिही काहीही, म्हणतोस.
मग थोडं थांबून, काहीही नको. आठवी लिही.
दिवाळीनंतर याला शाळेतच ठेवायचं, हेही लिही कुठे जागा असेल तर.
तशी जागा नाही फॉर्मवर.

सही करतोस. गुजरातीत, सावकाश,
बोटांवरचे जुने पांढरे व्रण पेनभोवती आवळून.
मी फॉर्म ओढायला हात पुढे करते.
थांब, म्हणतोस,
आणि नावाच्या वर एक रेघ ओढतोस,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
हात न उचलता.