हॉलेज

सभासदांसाठी बिलाची मराठी प्रत मी काढते.
अकराव्या ओळीत शब्द अडकला आहे
पोत्यात आकडा रुतून बसावा तसा:
हॉलेज. पुढे रक्कम, डॉलरमध्ये.
मगदूम साहेब म्हणाले, वाहतूक लिहा आणि पुढं चला,
कंटेनर सकाळी बंदराला लागायचाय.

लिहिलं वाहतूक. मग खोडलं.
कृष्णा वाहते. आपण हळद वाहतो.
मंगळवारी आई देवीला झेंडू वाहते.
आपला एकच शब्द इतकं सगळं वाहून नेतो
की त्यातलं जड कुठलं आणि हलकं कुठलं
ते त्यालाही आठवत नसावं.

त्यांचा शब्द मात्र जड असेल तरच तोंड उघडतो.
कोशात दिलंय: जोर लावून ओढणे, बहुधा लांबवर.
जाळं वर घेणे, आणि जाळ्यात जे आलं तेही.
चोराच्या हाती लागलेलं घबाड.
एखाद्याला खेचून न्यायाधीशापुढे उभं करणे.
सहा अर्थ, चार उदाहरणं,
खांदा एकातही नाही.

कीबोर्डवर डोक्यावरचा अर्धचंद्र निसटला
आणि हॉलचे हाल झाले.
दुरुस्त केलं.

घरी तात्या पाठ शेकत बसलेले,
तव्यावर निरगुडीचा पाला, त्याचा कडवट वास.
चौतीस वर्षं मार्केट यार्डात, बिल्ला नंबर दोनशे सात.
हॉल म्हणजे काय हो, विचारलं.
"लग्नाचा?"
नव्हे, ओढायचं काहीतरी.
"ओव्हरहॉल ठावं हाय. इक्बाल मिस्त्री इंजिन खोलतो,
समदं भाईर मांडतो, पुसतो, परत आत बसवतो."
फडकं पिळताना थांबले.
"माझं कवा करायचं म्हणतोय त्यो?"

मग बसल्या जागेवरून ते हरिपूरच्या पेवात उतरले.
बिल्ला मिळायच्या आधीचं काम, मिसरूड फुटायच्या वेळचं.
तोंडावरची माती काढायची, दिवसभर उघडं ठेवायचं,
मग आत कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस सोडायचा न्हाई.
पेटता राहिला तर गुंडू ऐवळे उतरायचा, अंगानं बारीक म्हणून,
खाली अंधारात हळद भरायचा,
वर चौघं दोराला.
ओढताना काय म्हणायचा तुम्ही?
"म्हणतोय काय. दम कुठला बोलायला."
आणि तात्यांनी मूठ छातीशी आणून
बोळक्या तोंडातून हवा सोडली: हॉ.
मी कोशातला उच्चार तीनदा ऐकला होता फोनवर,
बाईचा स्वच्छ आवाज, एसीत बसलेला.
तोच होता, शेवटचा ल सोडून.
ल म्हणायला जीभ वर न्यावी लागते.

"आमी हेल म्हणायचो," ते म्हणाले,
"एक खेप म्हंजी एक हेल.
उचलणारा हेलकरी.
मालक जाग्यावर नसला, पैसं बुडलं,
की त्योच हेलपाटा."
हेलपाटा मी रोज म्हणते,
तहसीलला, बँकेत, आधारच्या रांगेत.
त्याच्या पोटात पोतं आहे
हे आज कळलं.

गुंडूचं काय झालं, ते मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलंही नाही.
पुराचं पाणी शिरलं, पेवं बुजली, एवढंच बोलले,
आणि पाला उलटला.

सकाळी अकराव्या ओळीत मी हेल लिहिलं.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
हे काय, गावठी?
जुना शब्द आहे, सर.
सभासदांना कळंल का?
म्हाताऱ्यांना कळेल, म्हटलं.
त्यांनी खोडलं नाही. सहीही केली नाही अजून.

रात्री बायपासवरून काहीतरी गेलं,
कपाटातली भांडी किणकिणली.
मला वाटलं तात्या झोपलेत.
"भरलेला हाय," भिंतीकडे तोंड करून म्हणाले,
"मागचा एक टायर कमी हवेचा."