एकशे सदतिसावा बिंदू

मकरपुऱ्याच्या कारखान्याने काढून टाकलेला हात
टेम्पोतून कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये आला
तेव्हा त्याच्या कोपरावर कबुतरांची विष्ठा वाळलेली,
आणि सोबत कंट्रोलर, एकोणीसशे एक्क्याण्णवचा,
गोदरेजच्या कपाटाएवढा,
फ्लॉपी मागणारा, जपानीत तक्रार करणारा.

घरी मी मराठी, शेडमध्ये गुजराती,
आणि हा असा.
धैवत पंचाल म्हणाला, चला, चौथा मेंबर बरा मिळाला,
निदान उसने पैसे तरी मागणार नाही.

अनीसने वायरी मोजल्या. एकशे बारा.
बारशाला बसल्यासारखा एकेकीला चिठ्ठी चिकटवत गेला,
आकडे संपले नाहीत, पण कंटाळा आला,
मग आत्यांची नावं द्यायला लागला.
तिसऱ्या सांध्याच्या ब्रेकची वायर
अजूनही झुबेदाफुई.

तिला चुकून चोवीस व्होल्ट दिले त्या दुपारी
हात धाडकन खाली आला.
टेबलाचा कोपरा गेला. जिथे गेला
तिथे मिनिटापूर्वी माझी वही होती, वहीवर मी.
कोणी काही बोललं नाही.
सेव-उसळ खायला गेलो,
तिघांनीही एकेक पाव जास्तीचा घेतला.

नवा कंट्रोलर पोळ्यांच्या डब्याएवढा.
पण जुन्याची बॅटरी संपत आली होती
आणि बिंदू सगळे तिच्या जिवावर.
रात्रभर मी वाचत गेले, धैवत उतरवत गेला:
दोनशे चार बिंदू,
म्हणजे दोनशे चार ठिकाणी
कोणीतरी हा हात इंचाइंचाने नेऊन
त्याला सांगितलेलं, इथे.

एकशे सदतिसावा मात्र कुठलाच नव्हता.
तिथे ना वेल्डिंग, ना वळण.
हात नुसता वर जाऊन उभा राहायचा, चार सेकंद,
मग पुन्हा कामाला.
धैवतने तो खोडला.
रिपोर्टात लिहिलं: प्रत्येक फेरीत पाच टक्के वेळेची बचत.
त्या ओळीखाली रेघ मी मारली, पट्टी लावून.

वसावाकाकांकडे गेले ते शून्य विचारायला.
तरसाळीत, दोन ठिकाणी पत्ता चुकून.
बावीस वर्षं ते या हातापुढे उभे होते.
खांद्यापाशी छिन्नीची खूण आहे, म्हणाले,
ग्रीस पूस, दिसेल.
मग बशीत चहा ओतता ओतता,
"अने पेली चार सेकंड? राखी ने?"

मी बशीकडे बघत राहिले.

समोर पत्रे लावायला एक पोरगा होता, रमण.
उजव्या हाताला अडीच बोटं,
बाकीची आधीच्या प्रेसमध्ये.
त्याचा हात बाहेर येईपर्यंत
याचा हात कुठेतरी गुंतवायला हवा होता.
साहेब विचारायचे, हे मध्येच का थांबतं?
काका सांगायचे, मशीन गरम होतं, साहेब.
साहेब बदलले. मग त्यांच्या जागी आलेलेही बदलले.
बावीस वर्षं मशीन गरम होत राहिलं.

रमणचं पुढे काय झालं, मी विचारलं.
काका म्हणाले, छोटा उदेपूरकडे असेल,
नक्की ठाऊक नाही.

शेडमध्ये परत येऊन खोडलेलं टाइप केलं.
धैवतने का विचारलं, मी सांगितलं.
त्याने रिपोर्टच्या तिन्ही प्रती घेतल्या
आणि पाच टक्क्यांवर व्हाइटनर फिरवला,
जरा जाडच.

सादरीकरणाच्या दिवशी झुबेदाफुईने दगा दिला नाही.
हात वाकला, वळला, रिकाम्या पत्र्यावर
वेल्डिंगची नक्कल करत सरकला,
मग वर गेला आणि थांबला.
परीक्षक बाई पेन उचलून म्हणाल्या, अडकला का?
नाही मॅडम, अनीस म्हणाला,
मशीन गरम होतं.

त्यांनी काहीतरी लिहिलं. दोन मार्क गेले, नंतर कळलं.
पण तेव्हा शेडमध्ये
नुसता पंख्याचा आवाज होता
आणि आम्ही तिघं, कोणी सांगितलं नसताना,
आपापले हात पाठीमागे घेऊन उभे.