दोनशे वर्षांची बाई

ओस्तवालशेठ धुळ्याहून आले की बसायचे नाहीत.
उभ्यानंच विचारायचे, "मिस्तरी, किती जुनं करता येईल?"
चहात साखर किती, तसं.

बाबांनी शिवणीचा ओंडका काढला,
सातपुड्यातून उतरलेला, अजून ओल्या वासाचा.
खांद्यापर्यंतच बाई. हात नाहीत म्हणजे काम कमी,
असं म्हणाले खरं,
पण एका कानाच्या पाळीवर तीन दिवस गेले.
नाकाचं टोक मात्र एका फटक्यात उडवलं,
तोंड फिरवून.

वय चढवायचं काम माझं.
केळीचा चीक, जो आईच्या लुगड्यावरून
उभ्या जन्मात निघाला नाही,
तो मी तिच्या गालांना तीनदा चोळला.
वर चुलीचा धूर, तेलात कालवलेली काजळी,
मग सायकलच्या तारेनं भुंग्याची भोकं.
"सरळ नको पाडू गं,
भुंगा काय ओळंबा घेऊन बसतो?"
शेवटी आख्खा चातुर्मास
उकिरड्यात पुरून.

उकिरडा आमच्या घराला नवा नव्हता.
बाबांच्या आधीची तीन गेली होती,
म्हणून आजीनं पाचव्या दिवशी यांना तिथंच ठेवलं.
शेजारणीनं उचललं,
आजीनं पसाभर ज्वारी देऊन विकत घेतलं
आणि सटवाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,
"आमना नही शे हाऊ, उकिरडावर सापडना."
नाव पडलं उखर्डू.
यम एकोणऐंशी वर्षं फसत राहिला.

म्हणजे खोटा दाखला आमच्याकडे
पटाशीच्या आधीच आलेला.

परवा पुण्यात, काचेशिवाय, चौथऱ्यावर ती दिसली.
खाली पाटी:
खानदेश. अठरावं शतक. कारागीर अज्ञात.
तीनातलं एक बरोबर.
पुढे बारीक अक्षरांत,
'जड कर्णभूषणांनी चिरलेली पाळी
हे तत्कालीन शैलीचं लक्षण.'
आईची पाळी चोपड्याच्या जिनिंगमध्ये
पट्ट्यात अडकून फाटली होती.
त्या दिवशी तिनं अर्धी पाळीसुद्धा भरली.

मी वाकून भोकं मोजायला लागले.
रखवालदार म्हणाला, "ताई, जरा लांबून."
माझी अकरा होती, नक्की अकरा.
बारा भरली.
बारावं मानेमागे, केसांच्या गाठीखाली,
गोल, माझ्याहून सफाईदार,
आणि चौथऱ्यावर चिमूटभर
पिवळा, ताजा भुसा.