उपसर्ग

नर्सिंग कॉलेजच्या एस्तेर साळवी मॅडमनी
यादी पाठवली आहे, सत्तावीस शब्दांची,
सगळ्यांच्या पुढे 'एक' लावायचा.
"मुलींना इंग्रजी पाठ होतं सर, कळत नाही.
मराठी करून द्या, दिवाळीच्या आत."

मिरजेत, किल्ल्याच्या भागात, भाड्याच्या खोलीत
मी पेन्सिलीला टोक काढतो.

एकपेशीय. हा सोपा.
चौतीस वर्षं फळ्यावर अमिबा काढला मी,
दर वर्षी वेगळा
आणि दर वर्षी बरोबर.

एककेंद्रक. एकध्रुवीय. एकशर्करा.
इथवर शब्द शहाण्या पोरांसारखे रांगेत येतात.

एकदल यादीत नाही, तरी समासात लिहितो.
ऊस एकदल, हळद एकदल, जोंधळा एकदल,
म्हणजे वडिलांचं सगळं रान एकदलच होतं.
द्राक्ष द्विदल.
ते गुरुपादनं आणलं.

एकनेत्री: एका डोळ्यापुरतं.
आमच्याकडे उसाच्या कांडीलाही डोळा असतो,
आडवी ठेवायची, डोळा वर,
एक डोळा लावला तरी बेट फुटतं.
हे मुलींना सांगावं का?
लिहिलं. खोडलं.

एकांगघात. एक अधिक अंग:
दोन ऱ्हस्व अ शेजारी आले
की एक दीर्घ आ होतो,
त्यात कुठला कुणाचा ते विचारायचं नसतं.
अर्धांगात अर्धं शरीर जातं, यात एकच हात
किंवा एकच पाय.
सतारीच्या गल्लीतल्या जुलेखाबींचा उजवा गेला.
डाव्या हातानं भोपळ्यावर लाख चढवतात आता.
दारात एकतारी टांगलेली.
मी विचारलं, हिच्यावर वाजणार काय?
म्हणाल्या, "हिनं वाजायचं नसतं, सर.
हिनं नुसतं असायचं असतं, गाणारा दुसरा."

एकौषधी उपचार.
छे, जिभेला ठेच लागते.
'एकच औषध देणे' असं लिहून टाकलं.
एस्तेर मॅडम रागावतील. रागावू देत.

सव्विसावा शब्द एकयुग्मजी.
एकाच फलित अंड्यातून झालेली जुळी.
शब्दात एक, पाळण्यात दोन.
उपसर्ग उगम मोजतो, माणसं नाही,
एवढं समजवायला मला अर्धं पान लागलं.
'उदाहरणार्थ' लिहून जागा मोकळी सोडली.

आई "गुरूऽऽ" म्हणायची, एकच हाक,
गुरुपाद आणि गुरुलिंग दोघं उंबऱ्यात.
काम सांगितलं की दोघंही पसार.

दोन हजार तीन साली रक्त जुळवायला बसवलं
तेव्हा डॉक्टर हसले होते,
"यात जुळवायचं काय?"
माझं डावं मूत्रपिंड काढलं,
त्याच्या उजव्या कुशीत बसवलं.
त्यानं तिथं पहिल्या दिवसापासून काम धरलं,
घर बदललंय हे त्याला कळलंच नसावं.
विहिरीच्या पाळीवरनं झालं ते त्यानंतर.
अकरा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात सोनोग्राफीला
नवी पोरगी पोटावर यंत्र फिरवत राहिली.
थांबली. परत फिरवलं.
"काका, डावी किडनी सापडत नाही."
"ती कवठे एकंदला असते."
"काय?"
"बागायतदार आहे."

गावाच्या नावातही एक आहे म्हणा,
पण तो उपसर्ग नव्हे. तपासून झालंय माझं.

राहिला शेवटचा, एकपार्श्विक.
एका बाजूचं: दुखणं, सूज, ऐकू न येणं.
यापुढं काही सुचलं नाही.
यादी संपली, पानं लावली,
तर मध्ये ती मोकळी जागा.

पेन्सिल ठेवून पेन घेतलं.
उदाहरणार्थ,
गुरुपाद, मु. पो. कवठे एकंद,
ता. तासगाव,
आणि मग पिन कोड आठवेना.